घोड्याच्या घरातलं प्यादं

ज्वारी उपटायला आली की माझा उजवा खांदा धरतो. खांद्याच्या आधी मन धरतं, पण ते कुणाला सांगता येत नाही. यंदाही पहिलं ताट दोन्ही मुठींत घेऊन हिसका दिला, मुळं वर आली, कोरड्या मातीचा वास नाकात गेला आणि कामाला लागायचं सोडून मी तिथंच उभा राहिलो. बांधावरून शीतलची आई ओरडली, "आवं, उपटताय का नुसतंच धरून उभं ऱ्हायलाय?" तिचं बरोबरच होतं. मी पुढचं ताट धरलं.

पाथर्डीच्या पूर्वेला, माळाच्या कडेनं आमचं रान आहे. पाणी बेताचं, त्यामुळे रब्बीची ज्वारी हेच आमचं मोठं पीक. मी तसा शेतकरी कमी आणि कंडक्टर जास्त. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली. पाथर्डी, तिसगाव, करंजी, नगर हा रोजचा रस्ता, आणि सुगी आली की रजा टाकून रानात. निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली, तरी स्टँडवर कुठल्या गाडीत डबल घंटी वाजली की पाय उचलतो. खोड ती खोड. दुसरी खोड बुद्धिबळाची. ती पंधरा वर्षांपूर्वी याच दिवसांत मोडायला हवी होती, पण मोडली माझ्या पोरीची, शीतलची. माझी तशीच राहिली.

सध्या परदेशात कुठंतरी आठ बायका पटाशी बसल्या आहेत. शीतल सुप्याला कंपनीत कामाला आहे, तिथंच राहते. रोज संध्याकाळी ड्युटीवरून आली की ती फोन करते, "अण्णा, बघताय का? आज दोन बरोबऱ्या झाल्या." मला मोबाईलवर ते डाव नीट दिसत नाहीत, मोहरी मुंगीएवढी असतात, पण मी हो म्हणतो. महिलांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत एका खुर्चीत जगज्जेती असते. समोरची खुर्ची रिकामी असते, आणि तिथं कोण बसणार ते ठरवायला या आठ जणींची स्पर्धा. प्रत्येकीनं प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, एकूण चौदा फेऱ्या. पहिली येईल तिनं आव्हान द्यायचं. दुसरीला काही नाही. "दुसरी आणि आठवी एकाच विमानानं घरी जातात अण्णा," असं शीतल म्हणते. आणि या आठ तरी कशा येतात? कुणी विश्वचषकात एकेकीला बाद करत पहिल्या तिघींत टिकते, कुणी अकरा फेऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेत वरचा नंबर काढते, कुणी देशोदेशी हिंडून वर्षभर गुण साठवते. जगभरच्या पोरी आणि जागा आठ. त्यांत आपल्याकडच्याही आहेत, याचा शीतलला कोण अभिमान. हे सांगताना तिचा आवाज तेरा वर्षांचा होतो. मी नुसता हुंकार देतो.

खरं तर हे टप्पे तिच्याही आधी मला माहीत झाले होते.

बुद्धिबळ मी शिकलो मुनीरचाचांकडे. पाथर्डीच्या स्टँडसमोर त्यांचं स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्रा आणि त्याखाली पोत्यावर मांडलेला पट. गाडी सुटायला वेळ असला की मी तिथं बसायचो. रॉकेलचा वास, हातोडीचे ठोके, आणि मधूनच चाचांचं शांतपणे "शह घ्या कंडक्टर." त्यांचे नियम आपले देशी. प्यादं एका वेळी एकच घर चालायचं. राजाला सबंध डावात एकदा घोड्याची उडी. आणि प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. राजाच्या किंवा वजिराच्या घरात पोचलं तरच वजीर. चाचा म्हणायचे, "ज्याच्या दारात जाशील त्याचीच चाकरी मिळंल. वजिरी काय समद्यांला न्हाई भेटत." मला हा नियम फार न्यायाचा वाटायचा. गरिबाचं पोर कुठल्या दारातून आत गेलं यावर पुढचं सगळं ठरतं, हे मी रोज गाडीत बघत होतो.

तोच खेळ मी शीतलला शिकवला. आठ वर्षांची असेल. दहाव्या वर्षी ती मला हरवायला लागली आणि बाराव्या वर्षी मुनीरचाचांना. चाचा हरले की पट उचलून झटकायचे, जणू पटातच काही खोट असावी, आणि मग तिला शेंगदाणे द्यायचे. शाळेतले खेळाचे सर मला म्हणाले, "कंडक्टर, पोरीला स्पर्धेला काढा. पण बाहेरचे नियम वेगळे असतात बरं का." मी नगरहून एक पातळसं पुस्तक आणलं. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, राजाला किल्लेकोट करता येतो, घोड्याची उडी नाही, हे सगळं मी ड्रायव्हरशेजारी बसून पाठ केलं आणि पोरीकडून घोटून घेतलं. पुढं एका पानावर लिहिलं होतं, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याला बढती मिळते. ते वाचलं आणि मी पान उलटलं. हे तर मला येतंच होतं.

त्या साली ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. रानात पाखरं राखायला माळा घातला होता आणि शाळेच्या आधी, शाळेच्या नंतर शीतल त्या माळ्यावर बसायची. शेजारी गोफण, समोर पट. मी खाली ताटांत. मी तिथून ओरडायचो, "उंट बाहेर काढ माझा, दोन घरं!" ती माझा उंट हलवायची, स्वतःची चाल करायची आणि वरून ओरडून सांगायची. तिचं सगळं लक्ष पटावर, आणि कणसांवर चिमण्यांची पंगत बसलेली. तिची आई कपाळाला हात लावायची, "पाखरं रान खात्यात आन् ही बापल्योक घोडं नाचवत्यात!" हुरडा संपला, दाणा टणक झाला, ताटं पिवळी पडली. मला तर ते दिवस संपूच नयेत असं वाटत होतं.

फाल्गुनातल्या एका रविवारी नगरला जिल्ह्याची निवड होती. चौदा वर्षांखालच्या मुली, पहिल्या चौघी राज्याला जाणार. शीतलचं त्या गटातलं शेवटचं वर्ष. पुढं नववी-दहावी, आणि तिच्या आईनं आधीच बजावलेलं, "ह्या साली काय व्हईल त्ये. पुना न्हाई." एका शाळेच्या हॉलमध्ये बाकांवर पट मांडले होते आणि पालकांसाठी मागं दोरी बांधली होती. पंच बँकेतले होते, मऊ बोलायचे. खेळ सुरू व्हायच्या आधी मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "साहेब, जगज्जेतीला आव्हान द्यायचं म्हणजे इथून पुढं किती टप्पे?" ते हसले, पण थट्टेनं नाही. बोटं मोजत म्हणाले, "जिल्हा झाला की राज्य, मग देश. मग परदेशातल्या स्पर्धा, मग किताब, मग विश्वचषक वगैरे. मग शेवटच्या आठ. त्यांतली एक." मला टप्प्यांचा सराव होता. नगर सोडलं की पुढं सुपा, शिरूर, पुणे असं मी मनात मांडलं, आणि लांबच्या तिकिटाला माणसानं पहिल्या थांब्यालाच घाबरायचं नसतं असं पोरीला सांगितलं. तिनं मान हलवली आणि पटाशी जाऊन बसली.

शेवटच्या फेरीआधी ती तिसऱ्या नंबरावर होती. जिंकली तर राज्याचं नक्की, बरोबरी झाली तर सगळं दुसऱ्यांच्या डावांवर. मधे जेवणाची सुट्टी झाली. पोरी डबे घेऊन अंगणात गेल्या. आत एक डाव अजून चालू होता म्हणून मी दोरीशी रेंगाळलो. दोन वेण्यांची नगरची एक पोरगी, तिचं प्यादं उंटाच्या घरात पोचलं, आणि तिनं सरळ वजीर उचलून तिथं ठेवला. समोरची काही बोलेना. मला राहवलं नाही. मी पंचांना हाक मारली, "साहेब, लबाडी चाललीय! उंटाच्या घरात वजीर कसा?" सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. पंच जवळ आले आणि हळूच म्हणाले, "काका, कुठल्याही घरात वजीर होतो. आपल्याला हवं ते मोहरं घेता येतं." मागं कुणीतरी हसलं. इस्त्रीच्या शर्टातल्या एका पालकानं विचारलं, "कोणत्या गावचे?" मी गाव सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा." त्या एका शब्दानं माझे कान तापले.

आता जे लिहितोय ते पंधरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही. मी अंगणात गेलो. शीतल पोरींच्यात बसून डबा खात होती. मला बघून उठून आली, हात धुतले, रुमालाला पुसले. सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी काही सांगितलं नाही. स्वतःला म्हटलं, ऐनवेळी पोरीचा गोंधळ नको. म्हटलं, प्यादं कुठं रोज शेवटच्या घरात जातंय. ही सगळी थापेबाजी होती. खरं कारण एवढंच की पाच मिनिटांपूर्वी माझं हसं झालं होतं आणि आता पोरीसमोर मला चुकलेला बाप व्हायचं नव्हतं. तिला मी म्हणालो, "पानी पी. आन् घाई करू नको."

डाव लांबला. एकेक पट रिकामा होत गेला, बाक सरकवल्याचे आवाज यायला लागले, आणि शेवटी सगळे पालक त्या एका पटाच्या मागं दोरीला टेकले. मला शीतलची फक्त पाठ आणि उजवा हात दिसत होता. तिचा राजा आणि एक प्यादं, समोरचीचा राजा आणि दुसऱ्या कडेला एक प्यादं. शीतलचं प्यादं पुढं होतं. ते घोड्याच्या पट्टीत होतं. दोन घरं राहिली, मग एक. सगळ्या स्टँडवर ऐकू जाईल असा माझा आवाज, आणि दोरीपलीकडून एक शब्द गेला तर डाव बाद. मी मनातल्या मनात वजीर, वजीर म्हणत राहिलो. प्यादं शेवटच्या घरात गेलं. तिचा हात बाजूच्या मोहऱ्यांशी गेला, थांबला, आणि तिनं घोडा उचलला.

समोरची पोरगी हार मानून हात मिळवायला पुढं झुकली होती, ती परत मागं बसली. शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले, "डोकेबाज आहे हो पोरगी. घोडा केला म्हणजे काहीतरी मोठा बेत असणार." मी हो म्हणालो. त्या घोड्यानं समोरचं प्यादं कसंबसं अडवलं, मग मारलं, आणि पटावर दोन राजे आणि एक घोडा उरला. त्यात मात होत नाही. बरोबरी. अर्ध्या गुणानं ती पाचवी आली.

पंचांनी तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, वजीर का नाही घेतलास?" तिनं मुनीरचाचांचा नियम सांगितला. मग पंचांनी खरा नियम सांगितला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग माझ्याकडं वळून, सगळ्यांच्या देखत, मला कुणी काही बोलू नये म्हणून म्हणाली, "अण्णा, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं!" आणि मी म्हणालो, "न्हाई ना पोरी. मला कुठनं म्हाईत असनार?"

करंजीचा घाट चढेपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. पुढच्या बाकावर कुणाची तरी कोंबडी पिशवीतून डोकं काढून ओरडत होती. मी ओळखीच्या कंडक्टरशी मोठमोठ्यानं बोलत राहिलो, काहीही, डिझेलबद्दल, बदल्यांबद्दल.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी वेड्यासारखे काढले. पाचवी म्हणजे राखीव. चौघींपैकी एखादी गळाली तर शीतलला जायला मिळणार होतं. सुगीची रजा मी मोडली आणि नगरची ड्युटी मागून घेतली, केवळ पंचांच्या बँकेवरून जायला मिळावं म्हणून. गाडी लागली की धावत जायचो, काउंटरच्या जाळीतून विचारायचो, "साहेब, कुनी गळालं का?" ते मान हलवायचे. चौथ्या-पाचव्या वेळी तर मला लांबून बघूनच हलवायला लागले. मोहट्याच्या देवीला गेलो. डोळे मिटून हात जोडले आणि काय मागितलं? चौघींतल्या एकीला ताप येऊ दे. नुसता ताप, जास्त काही नको, असं देवीला समजावूनही सांगितलं. स्वतः पोरीचा बाप, आणि दुसऱ्याच्या पोरीसाठी ताप मागत होतो. देवी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. चौघीही ठणठणीत राहिल्या आणि राज्याला गेल्या.

शीतल तोवर आईबरोबर ज्वारी उपटत होती. दर वर्षी ती हाताला फडकं गुंडाळायची, त्या साली गुंडाळलं नाही. संध्याकाळी तळहात बघितले तर फोड फुटलेले. माळा आम्ही मोडला. कणसं खुडली, मळणीयंत्र आलं, धुरळ्यानं सगळ्यांची तोंडं सारखी झाली, कडब्याची गंज लागली. ती सगळं करत होती, फक्त पटाचं नाव काढत नव्हती. मी एकदा मोहरी मांडली. ती म्हणाली, "नको अण्णा, मला त्यातलं काही येत नाही." दुसऱ्या दिवशी तिनं पट नेऊन मुनीरचाचांना दिला. चाचांनी मला विचारलं, "काय झालं रं कंडक्टर पोरीला?" मी म्हणालो, "अभ्यास वाढलाय." चाचा गेल्यालाही आता सात वर्षं झाली. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही.

पुढं ती शिकली, डिप्लोमा केला, सुप्याला लागली, लग्न झालं, सगळं रीतसर झालं. लोक म्हणतात, पोरीनं नाव काढलं. मी हो म्हणतो. पण दर फाल्गुनात मुळासकट ताट वर आलं की तिचं ते वाक्य कानात येतं, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं. शिवी दिली असती तर पंधरा वर्षांत विसरलो असतो. तिनं मला माफ केलं होतं, आणि ते माफ करणं चुकीच्या हिशेबावर होतं.

परवा संध्याकाळी फोन आला. मी कडब्याच्या पेंढ्या बांधून नुकताच टेकलो होतो. आधी तिनं आठ जणींत कोण पुढं आहे ते सांगितलं. मग म्हणाली, "अण्णा, एक सांगायचंय. पाडव्याला आमच्या कॉलनीत पोरांसाठी बुद्धिबळाचा वर्ग सुरू करतेय. रविवारी रविवारी. नवीन पट आणलेत, सहा." पंधरा वर्षांनी तिचा हात पटाला लागणार होता. ती पुढं म्हणाली, "तुम्ही यायचं. पुढच्या खुर्चीत बसायचं. नारळ तुमच्या हातनं फोडायचाय. मी सांगणारय सगळ्यांना, मला माझ्या अण्णांनी शिकवलं. एसटीतल्या माणसानं, पुस्तकातले सगळे नियम माहीत नसताना."

गप्प बसून नारळ फोडला असता तर काही बिघडणार नव्हतं. उलट बोललो तर ती पुन्हा पट उचलून कुणाला देऊन टाकेल, याची भीती होती. पण त्या खुर्चीत बसून ते वाक्य पुन्हा ऐकायचं, आणि या वेळी टाळ्यांत, एवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

"शीतल," मी म्हणालो, "मला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"प्यादं कुठल्याबी घरात वजीर व्हतं त्ये. जेवायच्या सुट्टीतच कळलं हुतं मला. पंचांनीच सांगितलं. तुला सांगाय आल्तो आन् सांगितलं न्हाई. लाज वाटली."

तिकडं कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"अण्णा," ती म्हणाली, "मलापण माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही.

"ती दोन वेण्यांची पोरगी होती ना, ती उशिरा डबा खायला आली, तिनं सांगितलं होतं. वजीर कुठंही होतो म्हणाली. मी सगळ्या पोरींसमोर तिच्याशी भांडले. म्हटलं, माझे अण्णा चुकीचं शिकवणार नाहीत. तरी ऐनवेळी वाटलं, वजीर उचलून बघावा. पण तुम्ही मागं उभे होता. सगळ्यांसमोर तुम्ही खोटे पडला असता. म्हणून घोडा उचलला."

मी पेंढीवर बसलो होतो तिथून खाली मातीत बसलो. शीतलची आई लांबून विचारत होती, कुणाचा फोन, काय झालं. तिला हातानं थांब म्हटलं.

"मग पाडव्याला येऊ का नको?" मी विचारलं.

तिकडं ताट मांडल्याचा आवाज आला.

"या," ती म्हणाली. "पण पोरांना तुम्ही काही शिकवू नका."

मी बरं म्हणालो.